बोरटोलीच्या स्वच्छ डब्या

प्रयागबाई रुपराव मेश्राम या बाईने आयुष्याची सोळा वर्षे परक्या माणसांची थुंकी वाहून नेली. हे वाक्य गोड करून सांगण्याची सोय नाही. रोज सकाळी दिवस फटफटला की ती बोरटोलीच्या गल्ल्यांतून लाकडी खोका घेऊन निघे. खोक्यात तीस खाने होते आणि प्रत्येक खान्यात घट्ट टोपणाची एक पत्र्याची डबी. त्या डबीत घरातल्या कोणाच्या तरी छातीतला कफ असायला हवा होता. पहिले आठ महिने तो तिच्यात नव्हता. ही चूक प्रयागबाईची होती आणि सगळ्या बोरटोलीचीही होती.

बोरटोली ही उत्तर नागपुरात रेल्वेच्या रुळांपलीकडे वसलेली तीनशे-साडेतीनशे घरांची वस्ती. पुरुष बहुतेक कापडाच्या मिलमध्ये कामाला, बाया विड्या वळीत किंवा मजुरीला जात. छप्पन साली सगळ्या वस्तीने एकाच दिवशी धम्माची दीक्षा घेतली. परतल्यावर आठ दिवसांच्या आत देवाजी वासनिक या वडीलधाऱ्या गृहस्थाने वस्तीची बैठक बोलावली आणि एक ठराव केला. अंगण रोज सारवायचे, भांडी राखेने लख्ख घासायची, धुतलेल्या कपड्याशिवाय घराबाहेर पडायचे नाही आणि उघड्यावर कोणी थुंकायचे नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या घाण म्हणून लांब उभे केले गेले, त्यांनी पुन्हा तसे म्हणण्याचे निमित्त कोणाला द्यायचे नाही, हा त्या ठरावाचा अर्थ होता. बोरटोलीने तो जिवापाड पाळला. देवाजीबाबांचे स्वतःचे धोतर इतके पांढरे असे की, मिलच्या भोंग्याला ते फाटकातून बाहेर पडत तेव्हा हा माणूस कापसात काम करून आला आहे की कापूसच चालत आला आहे, असे लोक गमतीने म्हणत.

प्रयागबाईचा नवरा रुपराव त्याच मिलच्या कापूस पिंजण्याच्या, कार्डिंग खात्यात होता. रुईची धूळ खाऊन खाऊन त्याला खोकला लागला, मग ताप, मग रक्त. मोठ्या दवाखान्यात खाट मिळाली नाही, तेव्हा तो व्हरांड्यात फरशीवर तीन महिने पडला. उशाशी राखेचे टमरेल होते. त्यात तो बेडके टाकी आणि प्रयागबाई ते उचलून बाहेर नेई. तिला त्याची किळस येत असे. बायकोला नवऱ्याची किळस यावी याची तिला लाज वाटे, परंतु पोट मानत नव्हते. टमरेल उचलताना ती तोंड फिरवी. एकदा रुपराव म्हणाला, "पर्याग, तोंड नको फिरवू वं. तुह्यावर थुंकून राहिलो का मी?" ती टमरेल घेऊन बाहेर गेली. त्यानंतर अकराव्या दिवशी तो गेला.

मुलगा वसंत तेव्हा सोळा वर्षांचा होता. बापाच्या जागी त्याच खात्यात तो लागला, कारण दुसरीकडे त्याला कोणी लावले नसते.

एकोणीसशे सत्तर साली बोरटोलीच्या कडेच्या मैदानावर छातीच्या रोगांचे संशोधन केंद्र बांधायचे ठरले. त्या मैदानावर वस्तीला विहार बांधायचा होता. विटासुद्धा गोळा झाल्या होत्या. तेव्हा केंद्राचे मोठे डॉक्टर स्वतः वस्तीत आले. अंगावर टेरिलीनचा कोट, हातात घडी केलेला रुमाल. बोलताना तो रुमाल ते मधूनमधून नाकाशी नेत, आणि नाल्या स्वच्छ असूनही नेत, हे प्रयागबाईने तेव्हाच पाहिले होते. त्यांनी सांगितले की हे केंद्र तुमच्यासाठीच आहे. इथे फुकट तपासणी होईल, फुकट औषध मिळेल, वस्तीतल्या माणसांना नोकऱ्या लागतील, फाटकाशी सार्वजनिक नळ बसेल, आणि देशभरातले विद्वान बोरटोलीचे नाव घेतील. देवाजीबाबा उभे राहिले आणि म्हणाले, "विहार मागून बांधू. माणसं जगली तं वंदना करतीन." लोकांनी टाळ्या वाजवल्या. विटा केंद्राच्या कुंपणाला लागल्या.

इमारत दोन वर्षांत झाली. फाटकावर हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत 'जनतेस होणारे लाभ' असे लिहून खाली सात लाभ रंगवले. नळ आला, तो खराच आला. नोकऱ्या आल्या त्या झाडूवाल्याच्या, चौकीदाराच्या आणि एक प्रयागबाईची, नमुने गोळा करण्याची. बाकी सगळे टेबलाशी बसणारे लोक बाहेरून आले.

कामाच्या पहिल्या दिवशी तिला अर्धा तास शिकवण्यात आले. डबी कशी धरायची, चिठ्ठी कोठे चिकटवायची, सकाळची पहिली थुंकी घ्यायची. ती कशी दिसायला हवी हे शिकवणाऱ्याने सांगितले नाही. त्यात सांगण्यासारखे काय आहे, असे त्याला वाटले असावे. आणि सकाळची पहिली थुंकी साहेबाकडे पाठवायची म्हटल्यावर बोरटोलीतल्या घरांनी काय केले, ते दुसऱ्या कोणत्याही वस्तीने केले नसते. माणूस उठला की रात्रीचा साचलेला कफ नालीत टाकी. मग कडुलिंबाच्या काडीने दात घाशी, मिठाच्या कोमट पाण्याने चार चुळा भरी, आणि तोंड असे निर्मळ झाल्यावर जिभेखालची पाण्यासारखी लाळ डबीत सोडी. घरची बाई डबी बाहेरून राखेने घासून, फडक्याने पुसून, उंबऱ्यावर उलट्या वाटीखाली झाकून ठेवी. साहेबाच्या टेबलावर आपल्या घरची वस्तू जाणार, ती घाण कशी जाऊ द्यायची?

प्रयागबाई या रीतीची नुसती साक्षीदार नव्हती. ती पहारेकरी होती. शेजारच्या इंदूबाईच्या नवऱ्याने एकदा पिवळा, दाट, तार सुटणारा कफ डबीत दिला. प्रयागबाईने टोपण उघडून पाहिले आणि लगेच परत बसवले.

"अवं इंदू, हे काय दिलं? हे नेऊ का मी साहेबापुढं?"

"त्याले तसंच येते न बाई, मी काय करू?"

"येते तं नालीत टाक. तोंड धुवाले सांग, मंग दे. साहेब काय म्हणंन, बोरटोलीच्या लोकाईले डबी बी धड भरता येत नाही!"

"तुह्या साहेबाले थुंकी पाह्यजे का गुलाबपाणी?" इंदूबाई फणकारली. नळावरच्या बाया हसल्या. पण दुसऱ्या दिवशी तिने लख्ख डबी दिली. अशा किती डब्या प्रयागबाईने परत फिरवल्या याचा तिने तेव्हा हिशेब ठेवला नाही. पुढे तो तिला तोंडपाठ झाला. नावानिशी, घरानिशी ती सांगू शके.

आठ महिन्यांनी मोठे डॉक्टर पुन्हा आले. त्यांनी कागद वाचला की, चारशे बारा जणांच्या तपासणीत बोरटोलीत फक्त तीन रोगी निघाले. पाहिलेल्या चार वस्त्यांत हा आकडा सर्वांत लहान. "तुमची वस्ती निरोगी आहे," असे ते म्हणाले आणि त्यांनी देवाजीबाबांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. देवाजीबाबांच्या डोळ्यांत पाणी आले. सोळा वर्षांच्या सारवणाचे सार्थक झाले असे त्यांना वाटले. प्रयागबाईलाही तसेच वाटले. ती पदर सावरून पहिल्या रांगेत ताठ बसली होती.

भाषणाच्या शेवटी डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती पहिल्यांदा कोणाच्या ध्यानात आली नाही. औषधाचा कायमचा दवाखाना जेथे रोगी जास्त तेथे उघडावा असा नियम होता. त्यामुळे तो आता प्रताप नगरकडच्या नव्या वसाहतीत उघडणार होता. तिकडे डांबरी रस्ता होता, पाहुण्यांच्या मोटारी थेट दारापर्यंत जात.

त्याच आठवड्यात वसंत मिलमधून दुपारीच घरी आला. त्याची बायको शामला चुलीशी होती. तो भिंतीला टेकून बसला, खोकला, आणि चुन्याने रंगवलेल्या भिंतीवर लाल चिळकांडी उडाली. शामला फडके घेऊन धावली ती आधी भिंत पुसायला. घराला लागलेले वळण असे होते. प्रयागबाईने तिचा हात धरला.

"भित राहू दे वं. त्याले पाह्य!"

दुसऱ्या दिवशी ती वसंताला घेऊन केंद्रात गेली. खिडकीतल्या कारकुनाने रजिस्टर उघडले, बोट फिरवले आणि म्हणाला, "वसंत रुपराव मेश्राम. तीन वेळा तपासणी. तीनदा रोग नाही. निरोगी."

"रक्त थुंकून राहिला, बाबूजी."

"रजिस्टरात निरोगी आहे. निरोग्याला सुई देता येत नाही. पुढच्या सर्वेक्षणात या."

"केव्हा असते थे?"

"दोन वर्षांनी."

हे सांगताना त्याने खिडकीची झडप अर्धी लोटली, कारण वसंत खोकू लागला होता. अर्ध्या झडपेतून त्याची बोटे तेवढी दिसत होती आणि ती रजिस्टर दूर ओढत होती.

प्रयागबाई मागच्या दाराने प्रयोगशाळेत शिरली. तेथे श्रीधर नावाचा तंत्रज्ञ सूक्ष्मदर्शक यंत्रापुढे बसून सुपारी कातरीत होता. तिने आणलेल्या डब्या आठ महिने तोच तपासत होता. तिने त्याला सगळे सांगितले. तो हसला. दुष्टपणाने नव्हे, कंटाळलेला माणूस हसतो तसा हसला.

"बाई, सच सांगू का? तुमच्या बोरटोलीच्या डब्यांत मला नुसतं पाणी दिसते. चहा टाकून प्यावं असं पाणी. मला वाटलं, तुम्ही लोक फसवून राहिले."

"मंग काय पाह्यजे होतं?"

श्रीधरने चिमट्याने दुसऱ्या खोक्यातली एक डबी उचलली. तिच्यावर नव्या वसाहतीतल्या एका हेडक्लार्कच्या बंगल्याची चिठ्ठी होती. आत हिरवट, गुठळ्या झालेला, कडेला तपकिरी सुकलेला बेडका होता, आणि त्याचा आंबूस वास खोलीभर पसरला. प्रयागबाईने नाकाला पदर लावला. मग श्रीधरने तिला यंत्रात पाहायला लावले. निळ्या पाण्यात लाल काड्या पडल्या होत्या. बारीक, वाकड्या, एकमेकींवर रचलेल्या. हा रोग, असे तो म्हणाला. दाट घाणीतच तो सापडतो. चुळा भरलेल्या तोंडात तो कसा सापडेल?

प्रयागबाईला एकदम सगळे उमगले. बंगल्यातल्या लोकांनी काहीही न धुता, न पुसता, जसे आले तसे डबीत टाकून दिले होते. त्यांना आयुष्यात कोणी घाण म्हटले नव्हते, म्हणून घाण द्यायला त्यांना लाज वाटली नव्हती. दवाखाना त्यांना मिळाला. बोरटोलीने पाणी दिले आणि बोरटोलीला हार मिळाला.

"आठ महिने पाणी दिसत होतं तुम्हाले," ती म्हणाली, "तं एक डाव मले काहून सांगितलं नाही?"

"मला कोणी विचारलं नाही. माझं काम पाहण्याचं. मी पाहिलं, लिहिलं."

आणि त्याने सुपारीचे खांड तोंडात टाकले. प्रयागबाईला त्या हिरवट बेडक्याची जेवढी शिसारी आली नव्हती, तेवढी त्या सुपारीची आली. पाहिलं आणि लिहिलं. चारशे नऊ जणांचे पाणी पाहिले आणि चारशे नऊ जणांपुढे निरोगी लिहिले. मात्र शिसारी तेथे थांबली नाही, ती तिच्याकडेच वळली. इंदूबाईच्या नवऱ्याची डबी ज्या हाताने तिने परत फिरवली होती, तो हात तिला लुगड्याला पुसावासा वाटला.

श्रीधर मात्र एक गोष्ट चांगली बोलला. या सर्वेक्षणाची यादी शनिवारपर्यंत बंद होत नाही. तोवर तीस डब्या खऱ्या आणल्या आणि त्यांत वीस जरी रोगी निघाले, तरी मोठ्या डॉक्टरांना कागद पुन्हा लिहावा लागेल आणि दवाखाना बोरटोलीतच उघडावा लागेल. नाहीतर वसंताचे नाव यादीत चढवूनही उपयोग नाही. सुई रोज घ्यावी लागते, नव्वद दिवस. रोज दोन बसगाड्या बदलून वसाहतीत जाणारा माणूस मिलमध्ये किती दिवस टिकेल? आणि मिल सुटली तर खाणार काय? तो मंगळवार होता.

बुधवारी सकाळी तिने पहिली डबी आपल्याच घरी भरली. वसंत उठून मिठाच्या पाण्याचा तांब्या शोधू लागला. शामलेने तो आधीच भरून ठेवला होता. प्रयागबाईने तांब्या अंगणात ओतला.

"आत्याबाई, तुमीच तं शिकवलं, तोंड धुऊन द्या म्हून," शामला म्हणाली.

"शिकवलं. चुकली मी. वसंता, खोक. खालून काढ."

"माय, तुह्यासमोर नको. तुले घीण येते. बाबाच्या टायमाले मी पाह्यलं हाय."

"येते तं येऊ दे. तोंड नाही फिरवत मी. खोक!"

तो बराच वेळ खोकला. डबीत पडले ते दाट होते आणि त्यात लाल धागे होते. प्रयागबाई सबंध वेळ डबीकडे पाहत उभी राहिली. मग तिने टोपण बसवले.

तेथून ती देवाजीबाबांकडे गेली. त्यांनी एक शब्द टाकला असता तर सगळ्या वस्तीने ऐकले असते. बाबा ओट्यावर बसले होते. धोतर पांढरे, सदरा पांढरा, तोंडाजवळ पांढऱ्या कापडाची घडी. झेंडूचा हार सुकून खुंटीला लटकत होता. तिने जयभीम केला आणि सगळे सांगितले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"पर्यागबाई, मी सात वर्षाचा होतो. शाळेच्या बाहीर बसत होतो. मास्तर मले म्हणे, तू श्वास बी तिकडं तोंड करून घे. आता एवढा मोठा डाक्टर वस्तीत येऊन, माह्या गळ्यात हार घालून म्हणते का तुमी निरोगी. चारचौघांत म्हणते. आन तू आपल्या हातानं घाण नेऊन त्याले दाखवतं का, का नाही साहेब, आमी घाणच आहोत?"

"घाण नाही बाबा, बिमारी हाय."

"त्यांच्यासाठी एकच हाय थे!"

बोलता बोलता त्यांना उबळ आली. त्यांनी कापडाची घडी तोंडावर दाबली, पाठ फिरवली, आणि वळले तेव्हा घडी उलटून मुठीत धरली होती. प्रयागबाईला मुठीच्या कडेला तांबडे दिसले. त्यांनाही कळले की तिला दिसले.

"किती दिवस झाले, बाबा?"

"कायचं किती दिवस? जा आता. मले वंदनेले जायाचं हाय."

तिला त्या क्षणी देवाजीबाबांचाही तिटकारा आला. असे वाटल्याबद्दल तिने पुढे कधी माफी मागितली नाही. ज्या माणसाने वस्तीला ताठ उभे राहायला शिकवले, तो पांढऱ्या कापडात रोग गुंडाळून बसला होता, आणि त्या कापडाखाली तीनशे घरे झाकायला निघाला होता.

ती नळावर गेली. सकाळची वेळ, वीस-पंचवीस बाया रांगेत. तिने खोका ओट्यावर ठेवला, वसंताची डबी काढली आणि टोपण उघडून सगळ्यांपुढे धरली. दोघीतिघींनी तोंडाला पदर लावले. एक पोरसवदा बाई नालीवर जाऊन ओकली.

"झाक वं बाई, झाक! सकायी सकायी काय दाखवून राहिली!"

"पाहा. माह्या घरचं हाय हे. माह्या वसंताचं. रजिस्टरात थो निरोगी हाय, काहून का मी त्याले चुळा भरवल्या. इंदू, तुह्या नवऱ्याची डबी मीच परत केली होती. थो बी रजिस्टरात निरोगी हाय. कसा हाय आता?"

इंदूबाईने घागर खाली ठेवली. "कसा राहीन? पडला हाय," ती म्हणाली. नंतर प्रयागबाईच्या तोंडाजवळ येऊन ती ओरडली, "तवा मले म्हणे, साहेबापुढं नेऊ का! मोठी साहेबाची लाडकी! माह्या माणसाची बिमारी तू नालीत टाकाले लावली!"

"हव. लावली."

एवढेच प्रयागबाई बोलली. दुसरे काही बोलली असती तर भांडण झाले असते आणि भांडणात दिवस गेला असता. इंदूबाईचा राग गेला नाही, पण तिने हात पुढे केला. "दे इकडं डबी. आन तू दाराशी नको उभी राहू, थो लाजते. मी भरून आणतो तू म्हणशीन तसं."

गुरुवारी अकरा, शुक्रवारी चौदा आणि शनिवारी सकाळी उरलेल्या, अशा तीस डब्या भरल्या. काही घरांनी दार लावून घेतले. "देवाजीबाबांनी दिली का?" असे विचारणारे पुष्कळ होते. एका म्हाताऱ्याने डबी देताना मान वळवून म्हटले, "घे बाई, पन्नास वर्षाची कमाई हाय." त्या डब्या जड होत्या, त्यांना वास होता, एकीचे टोपण बसत नव्हते. खोका डोक्यावर घेऊन ती फाटकातून आत शिरली तेव्हा चौकीदाराने, जो बोरटोलीचाच होता, दोन पावले मागे घेतली.

तीसपैकी तेवीस डब्यांत लाल काड्या निघाल्या.

मोठ्या डॉक्टरांनी प्रयागबाईला बोलावले. टेबलापासून लांब उभे केले. ते संतापलेले होते, पण त्यांचा संताप ज्यांचे आठ महिने वाया गेले त्या माणसांसाठी नव्हता. त्यांचा छापायला पाठवलेला संशोधनाचा कागद परत मागवावा लागणार होता. "तुमच्यामुळे केंद्राची नाचक्की झाली," असे ते म्हणाले. दोन महिन्यांनी मात्र त्यांना या प्रकरणात वेगळाच लाभ दिसला. स्वच्छतेच्या सवयीमुळे रोग कसा लपतो, यावर त्यांनी नवा कागद लिहिला आणि तो वाचायला ते परदेशी जाऊन आले. त्या कागदात बोरटोलीचे नाव होते. प्रयागबाईचे नव्हते, आणि ते नसल्याचे तिला बरेच वाटले.

दवाखाना बोरटोलीत राहिला. तो समोरच्या फाटकात, हिरव्या पाटीखाली उघडला नाही. पाहुण्यांना रांग दिसू नये म्हणून तो मागच्या भिंतीत खिडकी पाडून, धोबीघाटाच्या बाजूला उघडला. कंपाउंडर गोळ्यांची पुडी खिडकीच्या कठड्यावर ठेवून हात मागे घेई, मगच रोग्याने ती उचलायची. सुईच्या वेळी तो म्हणे, "तोंड तिकडं, तोंड तिकडं." वसंत रोज सकाळी सातला त्या रांगेत उभा राही, सुई घेई आणि तसाच मिलमध्ये जाई. चाळिसाव्या सुईनंतर ताप थांबला. प्रयागबाईने त्या खिडकीला कधी हात जोडले नाहीत. औषध खरे होते आणि ते देण्याची रीत ओंगळ होती, या दोन्ही गोष्टी तिने शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या आणि एकीसाठी दुसरी विसरायचे तिने नाकारले.

त्याच हिवाळ्यात केंद्राचा वार्षिक समारंभ झाला. मांडव, खुर्च्या, बाहेरगावचे पाहुणे. मोठ्या डॉक्टरांनी भाषणात सांगितले की, समाजाचा सहभाग मिळाला म्हणजे संशोधन कसे सफल होते याचे बोरटोली हे उदाहरण आहे. मग वस्तीचे वडील म्हणून देवाजीबाबांना दोन शब्द बोलायला उभे केले. ते मंचावर डॉक्टरांच्या शेजारच्याच खुर्चीवर बसले होते. ते उठले, त्यांनी जयभीम म्हटले, आणि पुढचा शब्द निघण्याआधी उबळ आली. ती थांबेना. ध्वनिक्षेपकातून तो खोकला सगळ्या मांडवभर घुमला. मोठ्या डॉक्टरांनी रुमाल नाकाला लावला आणि आपली खुर्ची हातभर बाजूला सरकवली. सरकवण्याचा आवाजही ध्वनिक्षेपकात आला. देवाजीबाबांनी खुर्चीकडे पाहिले. त्यांनी कापडाची घडी तोंडावरून काढली, ती लपवली नाही, आणि भाषण तसेच सोडून मंचावरून खाली उतरले.

मांडवाच्या शेवटी प्रयागबाई उभी होती. तिने पिशवीतून एक रिकामी डबी काढून त्यांच्यापुढे धरली. "उद्या सकायी, बाबा. चूळ नका भरू."

बाबांनी डबी घेतली.

दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या अंगणात गेली तेव्हा ते दारातच उभे होते. धोतर कालचेच होते. त्यांनी डबी तिच्या हातात दिली. ती जड होती आणि अजून कोमट होती.

"घे. झालं आता समाधान तुहं?"

"समाधान कायचं, बाबा?" प्रयागबाई खोक्यात जागा करीत म्हणाली. "पुढच्या डावाले टोपण जरा दाबून लावत जा. गळून राहिलं हाय."